जुन्या सेलचा उजेड

आज रविवार. पहाटे जीप आली, तिचे दिवे खिडकीवरून फिरले आणि हे कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवून गेले. जाताना "दार लावून घे गं" एवढंच बोलले. आता दुपारी दोन वाजेपर्यंत घरात मी एकटी. म्हणून रविवारीच मला ही वही काढता येते.

हे गेलेत नांदूरमध्यमेश्वरला, निफाडच्या पलीकडे. तिथे बंधाऱ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात लांबलांबचे पक्षी उतरतात. पूर्वी मीही जायची, यांच्या स्कूटरवर मागे बसून. माझं काम फ्लॅश धरायचं होतं. लख्ख उन्हात पक्ष्यांवर फ्लॅश मारायचा असतो, हे सांगितलं तर आजही ओळखीच्या बाया हसतात. सात-आठ वर्षं मी ते काम केलं. सुटून आता जवळजवळ तेवढीच वर्षं झाली. तरी रविवारी जीपच्या आधी मला जाग येते आणि अंथरुणातच वाटतं, उठायला उशीर झाला, हे खोळंबले असतील.

आमचा फोटो स्टुडिओ शहरात, द्वारका चौकाजवळ होता. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. लग्नसराईत हे लग्नांचे फोटो काढायचे, एरवी पासपोर्ट आणि शाळेच्या फॉर्मचे. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि पुढे मुलगा. माझं माहेर मखमलाबादकडचं, फुलांच्या मळ्याचं. झेंडू आणि शेवंती पहाटे तोडावी लागायची. तोडणी आटपेपर्यंत शाळा भरून गेलेली असायची, म्हणून चौथीनंतर मी गेलेच नाही. वाफ्यात एकटीने तोडत बसायचं, त्याला बोलणं लागत नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी शेजारणीला विचारलं होतं, "पोरगी मुकी तर नाय ना? आम्हाला कुणी बोललं नाय."

त्या घरात नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण तशी होती. मी दोन हातांवर भाकरी थापत असायची आणि हे ताटावर बसून म्हणायचे, "आई, तिला म्हणावं अजून एक आण." सासूबाई म्हणायच्या, "ऐकलंस ना गं?" मी भाकरी वाढायची. दिवसभरातलं आमचं बोलणं ते असं, तिसऱ्याच्या तोंडून. दोन खोल्यांचं घर, मध्ये नुसता पडदा. एकांतातही आम्ही हळूच बोलायचो आणि थोडंच बोलायचो.

पक्ष्यांचं वेड लागलं ते एका लग्नात. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. निफाडकडे मळ्यात लग्न होतं, भर दुपारचं. मांडवाच्या बांबूवर एक खंड्या येऊन बसला. निळी पाठ, तपकिरी पोट, पांढरा गळा, लाल चोच. यांनी एक फोटो काढला. धुऊन आला तर आभाळावर नुसता काळा गोळा. हे दोन दिवस तो फोटो घेऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय बघतोस? ढेकळाचा फोटो काढलायस."

पण यांच्या डोक्यात ते राहिलं. लग्नात नवरदेव उन्हात उभा असला तर फेट्याखाली त्याचे डोळे काळे पडतात. म्हणून दिवसासुद्धा फ्लॅश मारतात, तोंडावरची सावली जावी म्हणून. ते पक्ष्यालाही लागू असणार, असं यांनी ताडलं. ऊन वरून येतं. पाठ झळकते आणि पोट अंधारात जातं. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसला तर पक्षी भुसा भरल्यासारखा दिसतो. समोरून थोडा उजेड टाकला पाहिजे.

पण पक्षी नवरदेवासारखा समोर उभा राहत नाही. कॅमेरा लांब ठेवायचा तर फ्लॅशचा उजेड तिथवर पोचत नाही. मग यांनी जुन्या वायरी जोडून लांबलचक वायर केली. कॅमेरा लांब, फ्लॅश पक्ष्याजवळ, आणि फ्लॅश धरायला एक माणूस. पहिल्यांदा स्टुडिओतल्या कामाच्या माणसाला नेलं. तो वयस्कर, तंबाखू खाणारा. दर पाच मिनिटाला पिंक टाकायचा आणि पक्षी उडायचा.

एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "आई, उद्या हिला नेऊ का? हिला गप्प बसता येतं."

"ते तर लय येतं तिला," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "जा. लोक बायकोला देवाला नेतात, तू बगळ्याच्या लग्नाला ने."

मी खाली बघून भाकरी थापत होते. तव्यावरची करपली.

पहाटे निघायचं. स्कूटरवर थंडी पायांतून वर चढायची. निफाडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मग ऊस. पाण्याच्या कडेला एका शेतकऱ्याच्या उसाजवळ यांनी जागा हेरली होती. तिथे चिखलात एक सुकी बाभळीची फांदी रोवलेली, खंड्याने बसावं म्हणून. तिच्यापासून चार-पाच पावलांवर उसाच्या कडेला मी घोंगडी पांघरून बसायची. हातात बांबू, बांबूच्या टोकाला फ्लॅश, वर उसाची पाती टाकलेली. हे मागे चाळीस फुटांवर, असंच काही पांघरून. मला ते दिसायचे नाहीत, मी त्यांना दिसायची नाही. म्हणून आम्ही एक सुतळी ठेवली होती. तिचं एक टोक माझ्या बोटाला, एक त्यांच्या.

फ्लॅश एकदा उडाला की परत भरायला वेळ लागतो. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो चढत जातो आणि मग पाठीमागचा लाल दिवा लागतो. दिवा लागला की मी सुतळीला एक हिसका द्यायचा, म्हणजे यांना कळायचं. त्यांचे दोन हिसके आले की संपलं, बाहेर ये. सकाळभर आमचं बोलणं ते एवढंच. पण ते थेट माझ्याशी होतं, मध्ये कुणी नव्हतं. बोटाला हिसका बसला की मला हसू यायचं आणि घोंगडीत कुणाला ते दिसायचं नाही.

मग ऊन चढल्यावर बांधावर बसून भाकरी खायची. तेव्हा हे बोलायचे. घरात न बोलणारा माणूस तिथे इतकं बोलायचा. लेन्सचं, उजेडाचं, गिऱ्हाइकांचं, लहानपणी नदीत बुडता बुडता वाचले त्याचं. एकदा मी विचारलं, "उजेड किती टाकायचा असतो?"

"भाजीत मीठ घालतेस तेवढा," हे म्हणाले. "आहे ते कळू नये. नसलं तर कळावं."

"मग आपला?"

"आपला खारट होतो."

खरंच होत होता. लग्नातला फ्लॅश जोरकस. एवढ्या जवळून उडाला की खंड्याचा गळा चुना फासल्यासारखा यायचा आणि मागचं पाणी, ऊस सगळं काळंमिट्ट. दिवसाचा फोटो रात्रीचा वाटायचा. हे आकडे लिहायचे, अंतर मोजायचे, मला दोन पावलं मागे बसवायचे, पुढे बसवायचे. काही ना काही चुकतच होतं. रस्त्याने जाणारा शेतकरी स्कूटर बघून थांबायचा आणि ओरडायचा, "काय हो फोटोग्राफर, उन्हात बॅटरी लावून काय शोधताय?" हे उसातून म्हणायचे, "तुमची अक्कल," आणि पक्षी उडून जायचा. मग दोघंही हसायचे.

ते तसं सहा-सात महिने चाललं. मला वाटायचं, असंच चालावं. मीठ बरोबर पडलं की यायचं कारण संपेल.

मग एका थंडीत दव फार पडलं. उसाच्या पात्यांवरून टपटप पाणी गळत होतं. यांनी मला आधीच बजावलं होतं, फ्लॅशमध्ये पाणी गेलं तर झटका बसेल आणि फ्लॅश जाईल. मी घाबरून भाकरीचं फडकं सोडलं आणि फ्लॅशच्या तोंडाला गुंडाळलं. जुनं फडकं, यांच्याच धोतराचं, धुऊन धुऊन विरलेलं. ऊन आल्यावर काढीन म्हटलं. पण त्या दिवशी खंड्या ऊन यायच्या आधीच येऊन बसला. मी हलले असते तर उडाला असता. गप्प बसणं हे माझं एकच काम होतं. मी बसून राहिले. यांनी फोटो काढला, फ्लॅश उडाला आणि फडकं आतून कंदिलासारखं उजळलं.

त्या दिवशी तो खंड्या जागा सोडेना. पाण्यात सूर मारायचा, मासा घेऊन परत फांदीवर. मासा आपटायचा, गिळायचा, परत सूर. मी घोंगडीत घामाने भिजले. प्रत्येक वेळी दिवा लागला की सुतळीला हिसका देत होते आणि मनात म्हणत होते, आता तरी जा बाबा. अख्खा रोल संपला. दोन हिसके आले तेव्हा मी फडकं काढून कमरेला खोचलं आणि बाहेर आले.

"आज बसला बघ," हे म्हणाले. इतकं खूश मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

रोल धुऊन यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. वाटत होतं, सगळे फोटो काळे येतील. हे कारण शोधतील, मला सांगावं लागेल आणि मग परत तंबाखूवाला जाईल.

पाचव्या दिवशी दुपारी दुकानातून आवाज आला, "आई, तिला म्हणावं जरा बाहेर ये."

मी पदर सावरून गेले. यांनी काउंटरवर फोटो मांडले होते. खंड्याच्या गळ्याचं एकेक पीस दिसत होतं. पोटाचा तपकिरी रंग, पाठीचा निळा, मागे पाण्यावर सकाळचं ऊन तसंच, आणि डोळ्यात एक बारीक ठिपका. फ्लॅश मारलाय असं कुणी म्हटलं नसतं.

"मीठ बरोबर पडलं," हे म्हणाले. माझ्याकडे बघून, थेट मला.

आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात हेच म्हणाले, "आणि का पडलं माहिती आहे? सेल. परवाच्या लग्नातले वापरलेले सेल तसेच राहिले होते फ्लॅशमध्ये. जोर कमी, म्हणून उजेड मऊ." त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तोंड मिटलं. मग एक बाई पासपोर्ट फोटोला आली.

त्यानंतर पक्ष्यांसाठी जुनेच सेल. लग्नात वापरलेले सेल हे एका डब्यात जमवायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सासूबाईंनी एकदा रेडिओत घातले तर यांनी काढून घेतले. "माणसांना मेलेले सेल, पाखरांना..." असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या. यांनी सांगितलं, "आई, पाखरांनाच मेलेले. माणसांना ताजे." सासूबाई म्हणाल्या, "काय तुझा धंदा हाय!"

आणि मी दर खेपेला घोंगडीत शिरलं की फडकं बांधायची. लांब असला पक्षी तर एक घडी, जवळ असला तर दोन. उन्हात पांढरा बगळा असला तर तीन. हे माझं मलाच कळत गेलं. बाहेर येताना काढून भाकरीला गुंडाळायची. मी चोरून करत होते असं मला तेव्हा वाटलं नाही. फडकं माझं होतं आणि घोंगडीतली ती जागाही माझीच होती. शिवाय जुन्या सेलांनी एक केलं होतं. फ्लॅश भरायला फार वेळ लागायचा. पूर्वी दहा मोजेपर्यंत लाल दिवा लागायचा, आता तीस-चाळीस मोजावे लागत. तेवढा वेळ सुतळी बोटावर नुसती असायची, ढिली. पलीकडे यांनी श्वास घेतला की किंचित हलायची. मला तो वेळ आवडायचा.

एका वर्षी पक्षी बघणाऱ्या मंडळींनी शाळेच्या हॉलमध्ये फोटो लावले. यांचे सहा फोटो होते. यांना बोलायला उभं केलं. मी मागे बायकांत बसले होते. हे माइकवर म्हणाले, "माझं गुपित एकच. पक्ष्यांना ताजे सेल झेपत नाहीत." लोक हसले, पण पुढे दोघा-तिघांनी वहीत लिहून घेतलं. मला कसंतरी झालं. शंभर माणसांसमोर म्हटलेलं आता मी घरी खोटं कसं पाडणार? त्या दिवसापासून ते सांगायची वेळ गेलीच.

मंडळींपैकी एकाने घरी आल्यावर हसत विचारलं, "जुने सेल भरूनही आमचे पांढरेच येतात हो. हात कुणाचा आहे?" हे म्हणाले, "हात आमच्या घरातला आहे. तुमच्या घरात इतकं गप्प कोण बसेल?" मी आत चहा गाळत होते. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी यांनी मुंबईहून नवा फ्लॅश आणला. तो कॅमेऱ्यावरच बसायचा. पुढे भिंगासारखं प्लास्टिक, त्याने उजेड लांबवर जायचा. आणि किती उजेड टाकायचा ते तो स्वतःच ठरवायचा. हे टेबलावर ठेवून मला दाखवत होते. "बघ, वायर नको, बांबू नको. आता तुला थंडीत कुडकुडत बसायला नको. केवढा त्रास दिला तुला मी इतकी वर्षं."

मनापासून म्हणाले ते. मी म्हटलं, "हो ना."

घरात बोलायला आता कुणाची आडकाठी नव्हती. पण आम्हाला सवयच नव्हती. बांधावर बोलायची सवय होती आणि तिथे मी आता जात नव्हते. पहिल्या रविवारी मी नेहमीसारखी उठले, अंघोळ केली, दोघांच्या भाकरी केल्या आणि चपला घालून दारात उभी राहिले. हे स्कूटर काढत होते.

"तू कुठे निघालीस?"

"दळण टाकायला," मी म्हटलं.

"एवढ्या पहाटे? गिरणी उघडली नसेल अजून."

मी चपला काढल्या.

मग स्कूटर गेली, मंडळींची जीप आली. रोलचा कॅमेरा जाऊन कॉम्प्युटरला जोडायचा कॅमेरा आला. द्वारकेचं दुकान सोडून आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. मुलगा शिकून पुण्याला गेला. हे दर रविवारी जायचे. मी दर रविवारी ठरवायची की या खेपेला विचारायचं, मी येऊ का आज. चार शब्द. शनिवारी भाजी निवडताना ते मनात म्हणून बघायची. जीप आली की दार लावून घ्यायची.

गेल्या थंडीत विचारलं. हे बूट घालत होते, मान खाली होती म्हणून जमलं. "मी येऊ का आज?"

हे थांबले. "तू? ये की. पण मागे बसावं लागेल."

जीपमध्ये सहा जण होते, सगळे यांच्यापेक्षा लहान. यांना "सर" म्हणणारे. मला "काकू, बसा ना नीट" म्हणाले. हे पुढे ड्रायव्हरजवळ. मला त्यांचा उजवा कान आणि मफलर दिसत होता. निफाड गेलं, ऊस आला. पाण्याच्या कडेला आता मनोरा बांधलाय. सगळे तिथे तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरे लावून ओळीने उभे राहिले. मला एक दुर्बीण दिली. पक्षी भरपूर होते. सुंदर होते. मी नीट बघितले. सगळीकडे कॅमेऱ्यांचे आवाज, आणि कुणी ना कुणी इंग्रजीत नाव सांगत होतं.

दहा वाजता नाश्ता काढला तेव्हा फ्लॅशची गोष्ट निघाली. यांनी जुन्या सेलांचा विषय काढला. रंगवून सांगितलं, फांदी, घोंगडी, सुतळी सगळं. पोरं हसत होती. मग एक चष्मेवाला, कारखान्यात इंजिनिअर आहे, तो म्हणाला, "सर, पण जुन्या सेलने असं होत नाही. भरायला उशीर लागतो फक्त. दिवा लागला म्हणजे फ्लॅश पूर्ण भरला. उजेड तेवढाच पडणार."

"माझे फोटो बघितलेस ना?" हे म्हणाले.

"फोटो भारीच आहेत सर. कारण दुसरं काहीतरी असणार."

"दुसरं काय असणार? मी आणि ती, दोघंच होतो." मग हे माझ्याकडे वळले. "काय गं, तूच धरायचीस. सांग याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातात पोह्यांची डिश होती. मला आयुष्यात कुणी असं चारचौघांत विचारलं नव्हतं, आणि उत्तर फक्त माझ्याकडे होतं. यांचा चेहरा बघितला. म्हातारा दिसत होता. ओठ थोडे उघडे, मी काय म्हणते त्याची वाट बघत. काउंटरवर फोटो मांडले होते तसाच चेहरा.

"जुनेच सेल असायचे," मी म्हटलं. "डब्यात ठेवलेले."

"घ्या," हे म्हणाले. इंजिनिअर म्हणाला, "काकूंनी सांगितलं म्हणजे विषय संपला." आणि परत सगळे हसले. मला वाईट वाटलं नाही. मी खोटंही बोलले नव्हते.

वाईट वाटलं ते घरी आल्यावर. हे बूट काढताना म्हणाले, "तुला पक्षी इतके आवडतात हे मला माहीतच नव्हतं. आधी सांगायचंस ना. इतकी वर्षं नेलं असतं."

मी तिथेच उभी होते. पक्षी नाही हो, असं म्हणायचं होतं. तीन शब्द, त्या चारापेक्षाही कमी. मी "हं" म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून विचारलं, "येतेस?" मी गुडघे दुखतात म्हटलं. तेव्हापासून ते माझ्यासाठी म्हणून रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटर लावतात. स्टूल ओढून देतात, मला बसवतात आणि एकेक फोटो दाखवतात. हा कवड्या खंड्या, हा शराटी, ही जांभळी पाणकोंबडी. मला पक्षी आवडतात असं धरून ते फार जीव लावून सांगतात. मी पडद्याकडे बघते आणि पडद्यावर टेकलेल्या त्यांच्या बोटाकडे बघते. सुतळीचा वळ नाही त्यावर, असणारच कसा.

या गुरुवारी हे पेपर वाचत होते. मी शेंगा सोलत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आपण दोघंच जाऊ या का एकदा नांदूरला?"

"दोघंच? जीप असते की रविवारी."

"जीप नको. बसने जाऊ."

"बसमध्ये एवढा कॅमेरा कुठे घेऊन बसू मी?"

"कॅमेरा नको."

यांनी पेपर खाली केला. "कॅमेरा नको? मग तिथे जाऊन करायचं काय?"

"बसायचं," मी म्हटलं.

"तुझे गुडघे?"

"बसायलाच तर जायचंय."

मी शेंगा सोलत राहिले, टरफलं टोपलीत, दाणे ताटात. मग ते "बघू" म्हणाले आणि पेपर वर केला. पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

आज पहाटे ते जीपनेच गेले. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं माहेर नांदूरकडचं आहे. काल त्यांना बसचं विचारून ठेवलं. सकाळची पहिली बस निफाडला सोडते, पुढची तिथे धरावी लागते. रविवारी गर्दी असते, म्हणाल्या, मधल्या वारी गेलेलं बरं.